घर कुठे घ्यायचं, आणि तिथे राज्य कुणाचं?

वाचक मैत्रिणीचं पत्र थोडं कमी करून देते.

"ताई नमस्कार. मी ३४, नवरा ३७, मुलगी चार वर्षांची. पुण्यात कोथरूडला भाड्याने राहतो. त्याचं ऑफिस हिंजवडीला, आठवड्यातून तीन दिवस जावं लागतं, माझं काम घरून. घर घ्यायचंय. एक पर्याय महापालिकेच्या हद्दीबाहेर ग्रामपंचायतीत नवीन थ्री बीएचके, क्लबहाऊस, स्विमिंग पूल सगळं. दुसरा, तेवढ्याच पैशात कोथरूडमध्ये २५ वर्षं जुनी टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिसरा म्हणजे वाईला सासरच्या घरावर मजला चढवून तिकडेच जायचं. मी म्हणते पाणी, रस्ते, कचरा कोण बघतं ते आधी बघू. नवरा म्हणतो या देशात सगळं दिल्लीत ठरतं नाहीतर मंत्रालयात, पंचायत काय नि महापालिका काय, कुणाच्या हातात काही नाही, मग मोठं घर बघायचं आणि मोकळं व्हायचं. तो रात्री लोकसभेची भाषणं ऐकतो आणि परवा मला म्हणाला, तुझं जग गटारीपुरतं आहे. ते फार लागलं. आमच्यात बरोबर कोण?"

अगं, तू माझ्यापेक्षा बरीच लहान आहेस म्हणून सरळ अगं-तुगं करते, राग मानू नकोस. आधी त्या गटारीबद्दल बोलते. ते वाक्य त्याने बोलायला नको होतं. पावसाळ्यात ड्रेनेजचं पाणी उलटं बाथरूममध्ये आलं की ते पोरीला उचलून घेऊन जी पुसते, त्या बाईचं जग लहान नसतं, तिला सरकार नावाची गोष्ट सगळ्यात जवळून दिसत असते. हे त्याला शांतपणे सांग, भांडणाच्या मध्ये नको, रविवारी चहाच्या वेळी सांग.

पण त्याचं म्हणणं उडवूनही लावू नकोस, कारण त्यात निम्मं खरं आहे. १९९३ मध्ये घटनेच्या ७३व्या आणि ७४व्या दुरुस्त्या लागू झाल्या, पंचायतींसाठी २९ विषयांची यादी आली, शहरांसाठी १८ विषयांची. पण घटनेने लिहिलंय काय, तर राज्य सरकार हे अधिकार कायदा करून देऊ शकेल. द्यायलाच पाहिजेत असं नाही लिहिलं. त्या एका शब्दात सगळं अडकलंय आणि आपल्या राज्यात कुठल्याही पक्षाचं सरकार असो, हातातलं खाली सोडायची घाई कुणालाच नसते. महापालिकेचा आयुक्त आयएएस, तो राज्य सरकार पाठवतं. जकात होती तोवर पालिकेच्या हातात स्वतःचा पैसा होता, मग पुण्यात एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांची एलबीटी गेली, २०१७ मध्ये जीएसटी आला आणि आता त्या उत्पन्नाच्या बदल्यात राज्याकडून भरपाई येते, म्हणजे मोठा मुलगा कमावता झाला तरी दर महिन्याला वडिलांकडे हात पसरतोय अशी गत. आणि निवडणुका? पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये, तेही सुप्रीम कोर्टाने खडसावल्यावर. मधली जवळजवळ चार वर्षं तुमच्या कोथरूडला नगरसेवकच नव्हता. तेव्हा नवरा वैतागून तसं बोलत असेल तर मला समजतं.

तरीपण त्यातून जो अर्थ तो काढतोय की मग कुठेही राहिलं तरी सारखंच, तो चुकीचा आहे, आणि घर घेताना ही चूक फार महागात पडते.

दिल्लीचं जे आहे ते तुम्ही कुठेही गेलात तरी तुमच्या मागे येणार. इन्कम टॅक्स वाईला कमी होत नाही, होम लोनचा व्याजदर, पासपोर्ट, जीएसटी, सगळं तेच. राज्याचंही बरचसं तेच, पोलीस, महावितरण, स्टॅम्प ड्युटी, फक्त स्टॅम्प ड्युटीत हद्दीप्रमाणे थोडा फरक पडतो, पुणे मनपात मेट्रोचा सेस धरून ७ टक्के होते आणि हद्दीबाहेर साधारण एक टक्का कमी लागते, आणि घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट असते, त्यामुळे तू तुझ्या नावावर घे हे जाता जाता सांगून ठेवते. मग घर बदललं की नक्की काय बदलतं? तर नळ, कचरा, ड्रेनेज, दारातला रस्ता आणि पोरीची खेळायची जागा. म्हणजे जे सगळ्यात खालच्या सरकारकडे आहे तेवढंच तुम्ही खरं म्हणजे निवडताय! देश तुम्ही निवडत नाहीये, राज्यही नाही, मग जे एकच निवडायला मिळतंय त्याकडेच बघायचं नाही असं कसं चालेल.

आता तो थ्री बीएचके. यावर मी जास्त बोलणार आहे कारण मी यातून गेलेय.

आम्ही २००९ मध्ये असंच हद्दीबाहेर घर घेतलं, गावाचं नाव घेत नाही. पहिल्या उन्हाळ्यात पहाटे पाचला टँकरच्या हॉर्नने जाग यायची. वॉचमनकडे एक लांबडी वही होती, टँकर आला की तो त्यात नंबर लिहून रेघ मारायचा, एप्रिलमध्ये दिवसाला चार रेघा, मेमध्ये अकरा. मी दूध आणायला खाली गेले की ती वही बघायचे आणि त्या रेघांवरून मला कळायचं की या महिन्यात मेंटेनन्स किती येणार. आम्ही ग्रामपंचायतीत गेलो तर ग्रामसेवक म्हणाले योजना गावठाणापुरती आहे, तुमच्या बिल्डरने पाण्याचं हमीपत्र दिलंय त्याला विचारा. बिल्डरकडे गेलो तर तो म्हणाला पंचायतीची लाइन आली की जोडून देतो. त्या हमीपत्राबद्दल घर घेताना आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. तू विचार. बांधकाम परवानगीच्या कागदात पाण्याबद्दल काय अट आहे ते वकिलाकडून वाचून घे, भोगवटा पत्र आहे का बघ, आणि महारेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं प्राधिकरण, त्याच्या वेबसाइटवर प्रोजेक्टचं पान उघडून कागद स्वतः डाउनलोड कर, सेल्स ऑफिसच्या मुलाने दाखवलेल्या फोल्डरवर जाऊ नकोस.

त्या वर्षी २ ऑक्टोबरला आम्ही सोसायटीतले तिघं ग्रामसभेला गेलो. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकलेल्या, पुढे म्हातारी माणसं टोप्या घालून, मागे खांबाला टेकून तरुण मुलं, बायका बाजूला एका ओळीत. ग्रामसेवकांनी मागचं इतिवृत्त वाचलं. मी उठून टँकरबद्दल बोलायला लागले तर एका आजोबांनी अगदी सभ्यपणे विचारलं, ताई तुमचं मतदान कुठंय? माझं मत तेव्हा डेक्कनच्या जुन्या पत्त्यावर होतं. ते म्हणाले मग ठराव कसा मांडणार तुम्ही. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की काय सांगू. सहाशे फ्लॅट आमचे आणि गावाच्या यादीत आमची नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी! ते आजोबा शंभर टक्के बरोबर होते. आम्ही तिथलं पाणी प्यायचो, कचरा तिथेच टाकायचो, आणि मत मात्र बारा किलोमीटर लांब ठेवलेलं होतं.

पुढच्या वर्षभरात आम्ही दारोदार फिरून फॉर्म भरून घेतले. पुढच्या सभेला चाळीस जण गेलो. आता बघ, ग्रामसभेला कोरम लागतो मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यात जे कमी असेल ते. म्हणजे चाळीस माणसं हा छोटा आकडा नाही. त्या सभेत घंटागाडीचा ठराव झाला, मी स्वतः बोलले, हात थरथरत होता, आणि तीन महिन्यांनी गाडी आली. पाण्याला मात्र अजून सहा वर्षं गेली. कारण गाडी पंचायतीच्या पैशात बसत होती, पाण्याच्या योजनेला जिल्हा परिषद, जीवन प्राधिकरण, धरणातला कोटा, हे सगळं वरचं लागतं. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की पंचायतीची ताकद कुठे संपते.

म्हणून ज्यांना घर घेऊन मोकळं व्हायचंय त्यांनी ग्रामपंचायतीतला मोठा प्रोजेक्ट घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे मोकळं होता येत नाही. ज्यांच्याकडे वेळ आहे, चिकाटी आहे, गावातल्या माणसांशी नीट बोलायची तयारी आहे त्यांच्यासाठी ती जागा खरंच चांगली, कारण ग्रामसभेसारखी गोष्ट शहरात नाहीये. शहरातल्या मतदारांची क्षेत्रसभा भरवायची तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली पण मी आजवर एकही भरलेली बघितली नाही. गावात मात्र सरपंच समोर बसलेला असतो आणि हिशोब विचारता येतो. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ग्रामसभेतच ठरवलं की शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, आणि पाळलं. शेजारच्या गावात टँकर येत असताना यांच्या विहिरीला पाणी. तेच राज्य सरकार, तेच केंद्र सरकार, पाऊसही तोच, आणि गाव मात्र वेगळं!

सेल्सवाले तुला हमखास सांगतील की मॅडम दोन वर्षांत हा भाग कॉर्पोरेशनमध्ये येतोय. यावर घर घेऊ नकोस. हद्दीत घ्यायचं की नाही हे गाव ठरवत नाही, महापालिकाही ठरवत नाही, ते राज्य सरकार ठरवतं, आणि आलं तरी पाणी आलं असं होत नाही. पुण्यात २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये २३. नांदेड आणि किरकटवाडी ही त्या २३ मधली. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या त्याच पट्ट्यात जीबीएस म्हणजे गियां-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे पेशंट वाढले आणि संशय पाण्यावर गेला, म्हणजे हद्दीत येऊन साडेतीन वर्षं झाली तरी धड शुद्ध पाण्याचा प्रश्न सुटलेला नव्हता. उलट फुरसुंगी आणि उरुळी देवाची बघ. शहराचा कचरा वर्षानुवर्षं यांच्या उशाला, २०१७ मध्ये हद्दीत घेतलं, टॅक्स वाढला, सोयी नाहीत म्हणून लोक ओरडले, आणि २०२४ मध्ये परत बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. तिथे ज्याने २०१६ मध्ये फ्लॅट घेतला असेल त्याने एका जागी बसून तीन सरकारं बघितली. आणि हद्दीत गेल्यावर घरपट्टीही लगेच नाही पण टप्प्याटप्प्याने पालिकेच्या दरापर्यंत जाते, तेवढी ईएमआयच्या हिशोबात आधीच धरून ठेव.

हिंजवडीला तर तुझा नवरा तीन दिवस जातो, त्याला तिथेच सगळं दिसेल. आयटी पार्क एमआयडीसीचं, गावठाण ग्रामपंचायतीचं, बांधकामाची परवानगी आणि मेट्रो पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. ही पीएमआरडीए २०१५ मध्ये झाली, तिचे अध्यक्ष मुख्यमंत्री, आणि तिथल्या अधिकाऱ्यांपैकी कुणालाही तू पाणी तुंबलं म्हणून पुढच्या निवडणुकीत पाडू शकत नाहीस. पाऊस पडला की रस्त्याची नदी होते आणि मग तिन्ही ऑफिसं एकमेकांकडे बोट दाखवतात. त्याला म्हणावं, तू म्हणतोस ना वरचे ठरवतात, तर हे बघ वरच्यांनीच ठरवलेलं गाव.

आणि अगदी थेट दिल्लीचं राज्य बघायचं असेल तर तेही पुण्यातच आहे. कॅन्टोन्मेंट, म्हणजे लष्कराच्या छावणीचा भाग. पुणे, खडकी, देहूरोड, तिन्ही संरक्षण मंत्रालयाच्या हाताखाली. तिथल्या बोर्डाची शेवटची निवडणूक २०१५ मधली, २०२३ मध्ये जाहीर झाली आणि महिन्याभरात रद्दही झाली. माझी चुलत बहीण तिथे राहते, रस्त्याच्या दिव्यासाठी कुणाकडे जायचं हे तिला तीन वर्षं कळलेलं नाही. झाडी सुंदर आहे, शांतता आहे, पण विचारायला माणूस नाही.

बघ, मी सगळ्या ठिकाणी फक्त एवढंच बघते, की इथे पाणी आलं नाही तर मी कुणाच्या दारात जाऊ शकते, आणि त्या माणसाला माझ्या मताची भीती आहे का.

यात कोथरूडची जुनी टू बीएचके मला सगळ्यात बरी वाटते. जुन्या हद्दीतलं नेटवर्क आहे, पाण्याची लाइन आहे, ड्रेनेज आहे, आणि आता नगरसेवकही आहे. पाणी खडकवासल्याचं, त्याचा कोटा राज्याचा जलसंपदा विभाग आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं हे खरं, पण एकदा ते शहरात आलं की कुठल्या पेठेला किती आणि कुठल्या उपनगराला किती यात नगरसेवक भांडू शकतो. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना घेऊन बजेट करायची पद्धत आहे, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म देतात, त्यातून आमच्या भाचीने गल्लीतला फुटपाथ करून घेतलाय. स्वतः राहणाऱ्याला मिळकत करात ४० टक्के सवलत असते, त्याचा पीटी-३ फॉर्म भरायला विसरू नकोस, लोक विसरतात आणि मग जास्तीचं बिल भरत बसतात. लिफ्ट नाही हा त्रास खराच, सासू-सासरे आले तर गुडघे दुखणार. पण २५ वर्षांची सोसायटी म्हणजे थोड्या वर्षांत रीडेव्हलपमेंटची बोलणी सुरू होणार, फक्त जमीन सोसायटीच्या नावावर झालीये का, कन्व्हेयन्स झालंय का एवढं आधी विचार. झालं नसेल तर भाव पाडून माग.

वाईबद्दल तू पत्रात एकच ओळ लिहिलीस पण ती ओळ मला सगळ्यात जास्त जिवंत वाटली, खरं सांगते. तिथे नगरपरिषद आहे, नगराध्यक्ष थेट लोकांमधून निवडून येतो आणि मंडईत भाजी घेताना भेटतो. मुख्याधिकारी राज्याचा, मोठा पैसा वरूनच येणार, पण गाव एवढं लहान की कुणी लपू शकत नाही. अडचण तुमच्या कामाची आहे, पुणे साधारण ९० किलोमीटर, मध्ये खंबाटकी, आणि तिथून पुढे हिंजवडी, आठवड्यातून तीनदा हे जमणार नाही, सहा महिन्यांत माणूस पार चिडका होतो. त्याचं ऑफिस महिन्यातून दोनदा बोलवायला लागलं तर मग माझं मत वाईला. आणि तेव्हाही मजला चढवण्याआधी एक बघ, घर कृष्णेच्या बाजूला असेल तर निळ्या आणि लाल पूररेषेत येतं का. ती रेषा जलसंपदा विभाग आखतो, नगराध्यक्ष कितीही ओळखीचा असला तरी तो ती हलवू शकत नाही.

नवऱ्याला एक गोष्ट माझ्याकडून सांग. गडचिरोलीत मेंढा लेखा नावाचं छोटं गाव आहे, तिथली घोषणा आहे, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." वनहक्काचा कायदा झाला दिल्लीत, २००६ मध्ये, तिथल्या भाषणांमधूनच झाला. पण २००९ मध्ये १,८०० हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळवला तो या गावाने, कारण त्यांची ग्रामसभा आधीपासून बसत होती, कागद तयार होते, माणसं एकत्र होती. २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हातात आले. कायदा देशभर एकच होता गं. म्हणून त्याची लोकसभा आणि तुझी गटार या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, तो जे रात्री ऐकतो ते कधीतरी तुझ्या नळापर्यंत यायचं असतं, आणि मधली पाइपलाइन कुणीतरी टाकावी लागते.

कुठेही घर घेतलंत तरी मत लगेच तिकडे हलवा, फॉर्म ८ ऑनलाइन भरता येतो, दोघांचे एकाच दिवशी भरा.

आणि थ्री बीएचके त्याच्या डोक्यातून जातच नसेल तर बुकिंगची रक्कम देऊ नकोस अजून. येत्या मेमधल्या एखाद्या दिवशी पहाटे पाचला दोघं त्या भागातल्या एखाद्या राहत्या सोसायटीच्या गेटवर जाऊन उभे राहा, पोरीला आईकडे ठेवा. वॉचमनला चहा पाजा आणि टँकरची वही दाखवायला सांगा. दिवसाला किती रेघा आहेत ते मोजा आणि मला कळव.